निळ्या रेघेची स्प्रिंग

कौतोकेइनोच्या वर, हिवाळी तळ
९ जानेवारी १९८४

प्रिय सुन्नाताई,

तू ट्रोम्सोला गेल्यापासून माझं पत्र तुला वर्षातून एकदा, नाताळात. आज जानेवारीत दुसरं लिहायला बसलेय म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तू ओळखलंच असशील. बिघडलीय ती माझी बर्फगाडी, आणि तिच्यामागोमाग माझं डोकं.

पहिला बर्फ पडल्यापासून गाडीच्या क्लचमधले दोन पट्टे जळाले. वेगाच्या खटक्यावर अंगठा नुसता टेकवला तरी गाडी झटका देऊन उडी मारते. आणि मागे सामानाची स्लेज लावून चढाला घातली की इंजिन बोंब मारतं, गाडी मात्र जागची हलत नाही. जळक्या रबराचा वास माझ्या टोपीत मुरलाय. काल तळ्याच्या चढावर पुन्हापुन्हा उतरून ढकलली. मागच्या रेनडियर माद्या उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, हिला आता आपणच ओढावं.

तुझ्या भावाला सांगितलं. लेमेत म्हणाला, "तुझा अंगठा जड आहे."

मी म्हटलं, "मागच्या वर्षीही हाच अंगठा होता."

"मागच्या वर्षी तू तक्रार कमी करायचीस."

शेजारचे मिक्कलकाका ऐकत होते. म्हणाले, "क्लचच्या स्प्रिंगा बघ रे एकदा." तर लेमेत म्हणतो, "स्प्रिंग तुटली की बदलतात. तुटलेली नाही." झालं, विषय संपला.

तू गॅरेजात दिवसभर हीच कामं करतेस. मला एवढंच सांग, या स्प्रिंगा बदलायच्या कधी? तुटल्यावर, का त्याआधी? एप्रिलच्या शेवटी कळप घेऊन किनाऱ्याकडे निघायचंय. कचेरीच्या कागदावर कळप लेमेतच्या नावावर असला, तरी माझ्या माद्यांच्या कानांवर माझी खूण आहे, आणि त्या यंदा बहुतेक सगळ्या गाभण आहेत. तुझ्याही आहेत त्यांच्यात. मी त्यांच्या मागून ढकलगाडी घेऊन जाणार नाही.

तुझी भावजय, आणि शाळेच्या बाकावरची जुनी शेजारीण,
राव्दना

ट्रोम्सो
२० जानेवारी १९८४

राव्दना,

स्प्रिंग तुटल्यावरच बदलायची म्हणजे माणूस मरेपर्यंत त्याला आजारी म्हणायचं नाही, असा प्रकार झाला. माझा भाऊ लहानपणी दातांच्या बाबतीतही हेच म्हणायचा. आता त्याच्या तोंडात किती उरलेत ते तूच मोज.

नीट ऐक. क्लचचे दोन भाग, म्हणून स्प्रिंगाही दोन. पुढची इंजिनाजवळ. तिचं काम दोन चकत्या लांब धरून ठेवायचं. इंजिनानं जोर पकडला की मगच त्या चकत्यांनी जवळ येऊन पट्टा धरायचा. ही स्प्रिंग थकली की चकत्या फार लवकर पट्टा धरतात आणि गाडी झटका देते. मागची स्प्रिंग पट्टा घट्ट ठेवते. ती थकली की चढावर ओझ्याखाली पट्टा घसरतो, तापतो, जळतो. तुझ्या दोन्ही थकल्यात. मला गाडी न बघता वास येतोय.

स्प्रिंग थकते ती दिसत नाही. काढून नव्या स्प्रिंगेशेजारी उभी करायची. नखभर जरी आखूड भरली तरी फेकायची. एखादा वेढा घासून चकाकत असेल तरी फेकायची. रविवारी तळ्यावर फेरी मारणाऱ्या शहरी लोकांच्या दोन-तीन हिवाळे चालतात. तुमच्यासारख्या रोज स्लेज ओढणाऱ्या गाडीला दर शरदात नवी जोडी, पहिल्या बर्फाच्या आधी. आणि नेहमी दोन्ही एकदम.

आणखी एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. पुढची स्प्रिंग अगदीच बसली किंवा तुटली, तर चकत्या पट्टा सोडतच नाहीत. तू अंगठा काढलास, इंजिन नुसतं गुरगुरतंय, तरी गाडी आपली चालत राहते. अशी एक गाडी इथे एका माणसाच्या स्वैपाकघरात शिरली.

एक जोडी उद्याच्या टपालानं धाडतेय. क्लचचं झाकण उघडताना कुणालातरी त्यावर रेलून उभं राहायला सांग. स्प्रिंग दाबात असते, तोंडावर उडते. जमलं तर तूच बसव. नाहीतर लेमेतला बसवू दे, पण शेजारी उभी राहा.

सुन्ना

हिवाळी तळ
१२ फेब्रुवारी १९८४

ताई,

तुझं पार्सल मिळालं. स्प्रिंगा बसवल्या. गाडी उत्तम चालते. आभार.

आता राव्दनाला एक पत्र लिही आणि सांग की गाडीत रोज नवे आवाज ऐकायचं बंद कर. तुझी पत्रं ती मिक्कलकाकांना वाचून दाखवते. माझे दात हा तांड्याचा विषय झालाय.

ट्रोम्सोत शेगडीजवळ बसून कळप हाकणं सोपं असतं. इथे यंदा बर्फाखाली पाण्याचा थर गोठलाय, जनावरांना खालचं शेवाळ उकरता येत नाही. रोज नवी जागा शोधावी लागते. मला स्प्रिंगांवर व्याख्यानं नकोत.

तुझ्या माद्या ठीक आहेत.

लेमेत

हिवाळी तळ
२६ फेब्रुवारी १९८४

सुन्नाताई,

आज तुला 'वन्सं' म्हणावंसं वाटतंय. राग आला की मी तसं म्हणते हे तुला ठाऊक आहे.

वन्सं, तुमच्या स्प्रिंगा बसल्या आणि माझी गाडी होती तशीच आहे. खोटं कशाला बोलू, अंमळ जास्तच वाईट. मी मुलीला घेऊन गावात गेले होते, दाढ दुखत होती तिची. तेवढ्यात लेमेतनं काम उरकून ठेवलं. मी आल्यावर म्हणाला, "बसवल्या." मी खूश होऊन मटणाचा रस्सा केला, नळीची हाडं त्याच्या ताटात वाढली. दुसऱ्या दिवशी चढावर तोच झटका, तोच वास.

आता तांड्यात नवा विनोद आहे. "ट्रोम्सोच्या डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडलं नाही." लेमेत सगळ्यांसमोर म्हणतो आणि सगळे हसतात. मिक्कलकाका हसत नाहीत, पण बोलतही नाहीत. मी तुझ्या शब्दावर भांडले होते ताई. त्यामुळे हसं माझं झालं.

हसण्याचं मला फारसं नाही. पण काल त्यानं जेवताना सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की गाडी तुला झेपत नाही तर यंदा तू बसनं जा. सासूबाई, भांडीकुंडी, तंबूचे खांब घेऊन सडकेनं किनारा गाठायचा. माझ्या माद्यांमागे मिक्कलकाकांचा पुतण्या येईल. ज्या पोराला माझी एक मादी दुसरीपासून ओळखता येत नाही.

मी सतरा वर्षांची असल्यापासून एकही खेप चुकवलेली नाही. बाळंतपणाच्या वर्षीसुद्धा नाही. आता एका गाडीपायी मी कढया सांभाळत बसनं जाऊ?

तुझं कुठे चुकलं असेल तर सरळ सांग. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण निदान उत्तर मिळेल.

राव्दना

ट्रोम्सो
८ मार्च १९८४

राव्दना,

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की जेवणाचा डबा गॅरेजातच विसरून आले.

मी चुकते. नवऱ्याच्या बाबतीत चुकले, म्हणून एकटी आहे. पण स्प्रिंगांच्या बाबतीत नाही. तू सांगतेस ती लक्षणं नव्या जोडीनंतर राहूच शकत नाहीत. पट्टा वाकडा बसला असता तर वेगळा आवाज आला असता, चकती झिजली असती तर वेगळा. हे जुन्या स्प्रिंगांचंच रडगाणं आहे.

तेव्हा एक कर. बाजूचं झाकण काढ, क्लच उघडायची गरज नाही, फटीतून डोकावलं तरी दिसेल. मी पाठवलेल्या पुढच्या स्प्रिंगेवर निळ्या रंगाची रेघ आहे. कारखान्यातच मारतात, कोणती किती कडक ते कळावं म्हणून. निळी रेघ दिसली तर मी तांड्यासमोर येऊन माफी मागेन आणि वर्षभर नळीची हाडं पाठवीन.

दिसली नाही, तर माझ्या भावाला विचार. मला नको.

सुन्ना

हिवाळी तळ
१९ मार्च १९८४

सुन्नाताई,

निळी रेघ नाही.

स्प्रिंग गंजकी आहे आणि तिचा एक वेढा चमच्यासारखा चकाकतोय. मी झाकण लावलं, हात पुसले आणि लेमेतच्या गाडीचं झाकण काढलं. तिथे आहे. आकाशासारखी निळी.

तो कुत्र्यांना खायला घालत होता. मी म्हटलं, "माझ्या स्प्रिंगा तुझ्या गाडीत आहेत."

तो वळलासुद्धा नाही. "हो."

"तू म्हणालास बसवल्या."

"बसवल्याच की. कुणाच्या गाडीत ते तू विचारलं नाहीस."

"आणि माझ्या गाडीत काय आहे?"

"माझ्या जुन्या. तुझ्यापेक्षा बऱ्या होत्या." मग कुत्र्याचं भांडं खाली ठेवून तो अगदी शांतपणे म्हणाला, "हे बघ, मी पुढे असतो. माझी गाडी बंद पडली तर सगळा कळप थांबतो. तुझी बंद पडली तर तू थांबतेस."

ताई, तो रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. त्यानं हिशोब समजावून सांगावा तसं सांगितलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं खरं आहे. पुढची गाडी बंद पडून चालत नाही. त्यानं मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, तुझ्या गाडीत घाल. पण विचारलं नाही. वर मला हसला, लोकांना हसवलं, आणि माझ्या हातचा रस्सा खाल्ला.

चार दिवस मी त्याच्याशी बोललेली नाही. त्याच्या लक्षात आलंय की नाही, कळायला मार्ग नाही.

मला आणखी एक जोडी पाठव. या वेळी मिक्कलकाकांच्या नावानं. आणि बसचं तिकीट काढून ठेवलंय म्हणाला, ते मी चुलीत घातलं.

राव्दना

ट्रोम्सो
४ एप्रिल १९८४

राव्दना,

स्प्रिंगा शिल्लक नाहीत. दक्षिणेकडून मागवल्यात, बोटीनं येतात. त्यात ईस्टर येतोय, सगळी गोदामं बंद होतील. मी रोज मालकाच्या डोक्याशी कटकट करते, तो आता मला बघून मागच्या दारानं जातो. आल्या की त्याच दिवशी पाठवीन. तोवर तुम्ही निघालेले असाल म्हणून पार्सल किनाऱ्याच्या पत्त्यावर घालते. याहून जास्त माझ्या हातात काही नाही आणि त्याचाच संताप येतोय.

लेमेतला मी लिहिलंय. काय लिहिलं ते तो तुला दाखवणार नाही.

तुझ्यापुरतं सांगते. गाडीचा मागचा भाग ओंडक्यावर चढव, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारी खालची साखळी जमिनीला टेकणार नाही. इंजिन सुरू कर आणि वेगाच्या खटक्याला हात लावू नकोस. साखळी उभी राहिली तर ठीक. फिरायला लागली तर त्या गाडीवर बसू नकोस. लेमेतच्या मागे स्लेजवर बस, मिक्कलकाकांच्या मागे बस, पण तिच्यावर नाही.

सुन्ना

हिवाळी तळ
२५ एप्रिल १९८४

सुन्नाताई,

ओंडक्यावर चढवली. फिरते. भरभर नाही, आजीनं दळण दळावं तशी.

लेमेतला दाखवलं. त्यानं बराच वेळ साखळीकडे बघितलं आणि म्हणाला, "किनाऱ्याला पोचलो की माझ्या गाडीतल्या काढून तुला देतो." मी म्हटलं, किनाऱ्याला बर्फ नसतो. म्हणाला, "मग येऊ नकोस."

उद्या निघतोय. मुलगी सासूबाईंबरोबर बसनं जाईल. मी कळपाबरोबर जातेय. तू रागावशील, रागव. मी थांबताना इंजिन बंद करत जाईन, एवढाच उपाय आहे. पुन्हा चालू करायला दोरी ओढून ओढून खांदा जाईल, जाऊ दे. बसमध्ये बसले असते तर त्यापेक्षा जास्त काहीतरी गेलं असतं.

राव्दना

किनाऱ्यावरून
१३ मे १९८४

ताई,

राव्दनाचं तुला पत्र आलंय का? आलं असेल तर लगेच कळव. ती इथे नाही.

काय झालं ते लिहितो. गोठलेली मोठी नदी ओलांडत होतो. बर्फ मऊ झाला होता, काठावर पाणी दिसायला लागलं होतं, म्हणून मी पुढच्या जनावरांना घाईनं पलीकडे काढत होतो. मागे एका मादीच्या पायात दोर अडकला. राव्दना सोडवायला उतरली. इंजिन बंद करायचं राहिलं असावं. मिक्कलकाकांनी बघितलं. ते म्हणतात गाडी कुणी बसल्यासारखी आपली चालू लागली. आधी हळू, मग उतारावर जोरात. राव्दनानं धावत जाऊन स्लेजची खीळ उपसली, म्हणून स्लेज तेवढी वाचली. गाडी काठाचा बर्फ फोडून पाण्यात गेली. त्या आवाजानं मागच्या माद्या बिथरल्या आणि उलट्या फिरल्या.

मी तेव्हा नदीच्या मध्यावर होतो. वळून बघितलं. तिनं हात वर केला होता. पुढे जा, असं. म्हणून मी गेलो. सगळ्यांचं वजन पडलेल्या बर्फावर उभं राहून विचार करता येत नाही.

मला वाटलं ती मिक्कलकाकांच्या स्लेजवरून येईल. ते एकटेच आले. त्यांच्याकडून तिनं कुऱ्हाड, कॉफी आणि वाळलेलं मांस घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही जा. माद्या व्यायला आल्यात, मी त्यांना सोडणार नाही." तुम्ही तिला तसंच कसं सोडलं, विचारलं. म्हणाले, "तू कसं सोडलंस?" म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा मला उलट बोलला.

दुसऱ्या दिवशी बर्फ फुटला. आता ना गाडी जाते ना नाव. अर्धा कळप इथे कड्यांवर पसरलाय आणि मिक्कलकाका सोडले तर मी एकटा. मी थांबायला हवं होतं का? तूच सांग. कळप थांबत नाही.

तुझं पार्सल आलंय. इथे गवत उगवतंय आणि माझ्या खिशात स्प्रिंगा आहेत.

लेमेत

ट्रोम्सो
१९ मे १९८४

लेमेत,

पत्र आलेलं नाही.

तुला काय उत्तर हवंय? थांबायला नको होतं, असं मी लिहावं आणि तू शांत झोपावं? एप्रिलमध्ये लिहिलं होतं की तिची गाडी बांधून ठेव नाहीतर तुझ्या स्प्रिंगा दे. दहा मिनिटांचं काम होतं. त्याचं तू उत्तरही दिलं नाहीस.

मी कौतोकेइनोला फोन केला. तिकडून कुणाला नदीपर्यंत पाठवता येईल का विचारलं. म्हणतात वाटेवरचे सगळे ओढे फुटलेत, पाणी उतरेपर्यंत कुणी जाणार नाही. रजा मागितली, हंगाम आहे म्हणून मिळाली नाही. मी इथे दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतेय आणि लक्ष तिकडे नदीवर, म्हणून आज दोन बोल्ट मोडले.

किनाऱ्याचा कळप मिक्कलकाकांवर सोपव आणि डोंगरावरून पायी जा. पोहून जा. कसंही जा.

सुन्ना

मोठ्या नदीकाठी
२४ जून १९८४

प्रिय सुन्नाताई,

दोघे मासेमारीला आलेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. मी बरी आहे. काळजीनं तू काय काय मोडलंस ते लेमेतनं सांगितलं.

हो, तो आला होता. आधी माझं ऐक.

इंजिन मी बंद केलं नव्हतं. सकाळपासून दोरी ओढून खांदा निकामी झाला होता. मादी ओरडत होती आणि वाटलं क्षणभराचं काम आहे. गाडी माझ्या शेजारून चालत गेली, ताई. मी तिला हाक मारली, जनावराला मारावी तशी. मग धावले.

त्यानंतरचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत. नदीकाठी गवत-मातीची एक जुनी झोपडी आहे, तिचं छप्पर एका बाजूनं बसलंय. दुसऱ्या बाजूला मी झोपायचे. पावसाळी बर्फ पडत होता आणि माद्या एकामागून एक विऊ लागल्या. काही पिल्लं ओल्या थंडीनं गेली. दोन गरुडानं नेली. माझ्याकडे कुत्रा नव्हता. मीच ओरडत धावायचे. शेवटी आवाज बसला तेव्हा कुऱ्हाडीनं कढई बडवायचे. तुझी पांढऱ्या कपाळाची मादी सगळ्यांत उशिरा व्यायली. तिचं पिल्लू दांडगं आहे, मलाच ढुशा देतं. लेमेतचा इतका राग यायचा की त्या रागानंच ऊब राहायची. रोज त्याला काय बोलायचं ते पाठ करायचे.

मग एक दिवस तो समोरच्या काठावर उभा दिसला. डोंगरावरून चालत आला होता. नदी दुथडी भरून वाहत होती, मोठमोठे हिमखंड जात होते. तो तोंडाशी हात धरून काहीतरी ओरडत होता. मीही ओरडत होते, पाठ केलेलं सगळं. पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग त्यानं खिशातून काहीतरी काढून उंच धरून दाखवलं. तुझं पार्सल. मी खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. तेही त्याला ऐकू गेलं नसणार.

पाणी उतरेपर्यंत तो तिथेच राहिला. समोरासमोर दोन शेकोट्या. तो त्याची कॉफी पीत माझ्याकडे बघायचा, मी पाठ करून बसायचे. पाणी ओसरून वाट मिळाल्यावर कमरेइतक्या पाण्यातून आला. ओठ निळे पडले होते.

म्हणाला, "तू हात वर केलास. मला वाटलं पुढे जा म्हणतेस."

मी म्हटलं, "मी थांब म्हणत होते."

त्यानं बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाला, "मला वाटतं मला ते कळलं होतं."

पाठ केलेलं सगळं विसरले. हे एवढं तो बोलेल असं मी धरलंच नव्हतं.

रात्रीपुरता राहिला. छप्पर नीट केलं. सकाळी म्हणाला, "मी इथेच थांबतो, तू किनाऱ्याला जा, अंग शेकून घे." मी म्हटलं, "माझ्या माद्यांजवळ मी आहे. तिकडच्या जनावरांजवळ मिक्कलकाका एकटे आहेत. जा." पिल्लं अजून पोहण्याजोगी नाहीत. ऑगस्टमध्ये पाणी संथ झालं की मी त्यांना घेऊन हळूहळू निघेन, नाहीतर इथेच शरद काढेन. त्यानं बरोबर आणलेला कुत्रा ठेवून घे म्हटलं, तो ठेवून घेतला. आणि शरदात मी कचेरीत जाऊन माझ्या माद्या माझ्या नावावर लावायला अर्ज करणार आहे, हेही सांगितलं. त्यानं मान हलवली. होकाराची होती का नव्हती, या वेळी मी अंदाज केलेला नाही. मी विचारलं. "हो," म्हणाला.

राग गेला का, असं तू विचारशील. नाही गेला. कमी झालाय, पण आहे. तो गेल्यावर मी झोपले ती दुपारपर्यंत. कसल्याशा खुडबुडीनं जाग आली. ऊन पडलं होतं आणि यंदाचे पहिले डास उठले होते. शेकोटीतून थोडा धूर येत होता, आणि त्या धुरात डास चुकवायला सगळ्या माद्या पिल्लांना घेऊन येऊन उभ्या होत्या. दोर नाही, कुंपण नाही, कुणी हाकलं नव्हतं. अगदी माझ्या पायांशी. तुझी पांढऱ्या कपाळाचीही होती.

पत्र इथेच थांबवते. धूर कमी होतोय, त्या माझ्याकडे बघतायत. ओलं शेवाळ आणून टाकायला हवं.

राव्दना